वाटीत वाटी बसवताना

चि. सानिकास,


तुझ्या त्रिमितीय स्वयंपाकघराची ब्लेंडरची फाईल मिळाली, उघडली आणि सावकाश फिरून पाहिली. चुलीमागची काजळलेली भिंत, मांडणीवरची पितळी भांडी, कोपऱ्यातली मडक्यांची उतरंड, कौलातल्या काचेतून पडलेला उन्हाचा कवडसा. पणजीचं ते घर तू पाहिलेलं नाहीस, तरी आजीच्या तोंडून ऐकलेलं इतकं नेमकं उतरवलंस की मी लगेच ताईला फोन केला. सोबतच्या चिठ्ठीतला तुझा वैतागही वाचला. हंडा सरकवला की भिंतीत शिरतो, परात फळीतून आरपार जाते, वरचं मडकं खालच्याच्या पोटातून डोकावतं, आणि हे सगळं होत असताना ब्लेंडर तुला अडवत कसं नाही?

आमच्या स्टुडिओत येणारी नवी मुलंही हेच विचारतात, आणि बहुतेकांना उत्तरादाखल एखादं बटण दाखवलं जातं. बटणं मीही सांगणार आहे. पण तू 'कसं नाही' असं विचारलंस, म्हणून आधी तेवढं नीट सांगते. पत्र लांबेल, निवांत वाच.

ब्लेंडर अडवत नाही, कारण तुझ्या हंड्यात अडवण्यासारखं काही नाहीच. तुला तो पितळेचा दिसतो, कारण त्यावर पितळेचं मटेरियल चढवलंयस. आत मात्र तो आकाशकंदिलासारखा पोकळ आहे, आणि कंदिलाच्या कागदाला निदान जाडी तरी असते, याच्या पृष्ठभागाला तीही नाही. सॉफ्टवेअरच्या वहीत हंड्याची नोंद एवढीच: अमुक इतके बिंदू, त्यांची अवकाशातली ठिकाणं, आणि कोणते बिंदू जोडून कोणता पृष्ठभाग होतो. आत काय, बाहेर काय, वजन किती, धातू की माती, यातलं काहीही त्या नोंदीत नसतं. भिंतीचंही तसंच. अशा दोन याद्यांमधले आकडे एकमेकांच्या हद्दीत गेले, तर त्यात नियम मोडला असं संगणकाला वाटण्याचं कारण नाही.

चित्र काढणाऱ्या यंत्रणेलाही त्याचं सोयरसुतक नसतं. 1974 साली युटा विद्यापीठात एड कॅटमल यांनी आपल्या प्रबंधात 'झेड-बफर' मांडला. हेच कॅटमल पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाले. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यापाशी कॅमेऱ्याला सर्वांत जवळचा पृष्ठभाग कोणता, तेवढं लक्षात ठेवायचं, त्यामागचं सगळं सोडून द्यायचं, अशी ती युक्ती. तुझ्या व्ह्यूपोर्टमध्ये आजही तीच चालते. हंडा अर्धा भिंतीत असला तर जो भाग पुढे येतो तो दिसतो, उरलेला भिंतीआड जातो, आणि जिथे दोन्ही छेदतात तिथे एक स्वच्छ रेघ उमटते. कुठे फाटत नाही, कुठे लाल दिवा लागत नाही. अंतिम रेंडरमध्ये ब्लेंडरचं चित्र काढणारं इंजिन, सायकल्स, किरण सोडतं, तेही पहिल्या पृष्ठभागाला लागले की तिथला हिशेब करतात. तात्पर्य, यंत्राच्या लेखी तुझं चित्र बिनचूक आहे. माणसाच्या डोळ्याला मात्र ते लगेच खटकतं. कुठे खटकलं ते सांगता येत नाही, पण भांड्यांना वजन नाही एवढं तो ओळखतो.

मग प्रत्येक वेळी तपासून का घेत नाही, असं तू म्हणशील. हिशेब करून बघ. तुझ्या खोलीत लहानमोठ्या 200 वस्तू आहेत असं धर. कोण कोणाला लागतंय हे पाहायचं तर जोड्या होतात 19,900. एकेका भांड्याला 5,000 त्रिकोण असतील, तर एका जोडीतच त्रिकोणाशी त्रिकोण ताडून पाहायच्या 2.5 कोटी तपासण्या. सगळ्या जोड्या धरल्या की आकडा 49,750 कोटींवर जातो. आणि तू कळशी केसभर सरकवलीस की पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून ज्यांना हे तपासावंच लागतं ती सॉफ्टवेअरं आधी मोठी चाळण लावतात. प्रत्येक वस्तूभोवती ती मावेल असं एक सरळ, न दिसणारं खोकं कल्पायचं. दोन खोकी एकमेकांत शिरलीत का हे पाहायला तीनच प्रश्न पुरतात: डावी-उजवी हद्द एकमेकांवर चढते का, पुढची-मागची चढते का, खालची-वरची चढते का. तिन्हींची उत्तरं 'हो' आली तरच पुढे जायचं. तुझा हंडा डावीकडून 1.20 मीटरपासून 1.55 मीटरपर्यंत आहे आणि कळशी 1.60 मीटरला सुरू होते, तर विषय तिथेच संपला. त्रिकोणांकडे पाहायची गरजही नाही. या पहिल्या चाळणीला 'ब्रॉड फेज' म्हणतात. तिच्यातून उरलेल्या मोजक्या जोड्यांचा बारीक तपास होतो तो 'नॅरो फेज'.

बारीक तपासाच्या पद्धती शोधणाऱ्यांमध्ये यंत्रमानवांवर काम करणारे लोक बरेच पुढे होते, हे मला फार आवडतं. यंत्राचा हात खऱ्या कारखान्यात खऱ्या खांबाला धडकला तर मोडतो, तिथे डोळेझाक चालत नाही. 1988 साली गिल्बर्ट, जॉन्सन आणि कीर्ती या तिघांनी यंत्रमानवशास्त्राच्या नियतकालिकात एक पद्धत छापली. तिघांच्या आद्याक्षरांवरून ती 'जीजेके' म्हणून ओळखली जाते आणि आज कित्येक गेमच्या पोटात चालू असते. त्यातले कीर्ती म्हणजे सत्य कीर्ती, पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवत होते. कल्पना अशी: एका आकाराच्या प्रत्येक बिंदूतून दुसऱ्याचा प्रत्येक बिंदू वजा केला, तर उत्तरातून एक नवाच आकार तयार होतो. दोन्ही वस्तूंचा एखादा बिंदू एकाच जागी असेल, तर तिथली वजाबाकी शून्य येणार. म्हणजे त्या नव्या आकाराच्या पोटात शून्यबिंदू सापडला की वस्तू एकमेकांत आहेत, नाही सापडला की सुट्या आहेत. आणि गंमत ही की तो सगळा आकार कधी बांधावाच लागत नाही. मोजक्या दिशांनी चाचपडत शून्यापर्यंत पोहोचता येतं का, एवढंच पाहायचं. 1996 साली गॉट्सचॉक, मिंग लिन आणि दिनेश मनोचा यांनी वस्तूच्या कलाप्रमाणे तिरक्या ठेवलेल्या खोक्यांची उतरंड मांडून गुंतागुंतीच्या आकारांचा तपास वेगवान केला. मनोचा दिल्लीच्या आयआयटीत शिकलेले.

ब्लेंडरमध्ये हे सगळं आहे, फक्त झोपलेलं आहे. तू एखाद्या वस्तूला 'रिजिड बॉडी' केलंस की एर्विन कूमान्स यांनी लिहिलेली 'बुलेट' ही भौतिकीची यंत्रणा जागी होते. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने 2015 साली तांत्रिक पुरस्कार देऊन गौरवलेलं काम आहे ते, आणि तुझ्या लॅपटॉपवर फुकट मिळतं. पण कोणत्या वस्तूला घनपणा द्यायचा, कोणत्या आकाराचा आणि किती वेळासाठी, हे तुला ठरवावं लागतं. माझ्या मते या कामातलं अर्धं कसब या ठरवण्यातच आहे.

आता तुझ्या वाट्या. तू त्या एकात एक रचून ठेवल्या, सगळ्यांना 'अॅक्टिव्ह', म्हणजे हलणारी रिजिड बॉडी, केलं, प्ले दाबलं आणि त्या फुटल्यासारख्या चौफेर उधळल्या. त्यात दोन गोष्टी एकदम झाल्या आहेत. पहिली म्हणजे पहिल्या फ्रेमलाच त्या एकमेकांत घुसलेल्या होत्या. यंत्रणेला दिसलं की दोन घन वस्तू एकाच जागेत आहेत, म्हणून तिने त्यांना लांब ढकललं. जितकी घुसखोरी खोल, तितका धक्का जोराचा. तेव्हा सिम्युलेशन नेहमी सुट्या वस्तूंपासून सुरू कर, थोड्या उंचावर, एकमेकींपासून अंतर राखून.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 'अॅक्टिव्ह' केलेल्या वस्तूचा आकार ब्लेंडर आपणहून 'कॉन्व्हेक्स हल' धरतं. एखाद्या वस्तूला बाहेरून ताणून कापड गुंडाळलं तर जो आकार होईल तो. हंड्याच्या गळ्याची खोबण त्यात भरून निघते, आणि वाटीचं तोंड बंद होतं. तुला वाटी उघडी दिसते, बुलेटला तिच्यावर झाकण दिसतं. म्हणून वाटीत वाटी बसत नाही. वरची वाटी खालच्या वाटीच्या काठाच्या पातळीवर, हवेत टेकल्यासारखी राहते. उतरंडीचंही हेच होतं. खऱ्या उतरंडीत वरच्या मडक्याचा गोल बुडखा खालच्याच्या तोंडात दोन बोटं उतरलेला असतो, त्या उतरण्यामुळेच ती उभी राहते. कॉन्व्हेक्स हलमध्ये तो उतरूच शकत नाही, आणि मग एक मडकं दुसऱ्याच्या काठावर डुगडुगत राहतं.

यावर 'शेप'मध्ये 'मेश' निवडता येतं. मग वाटीची खरी खोली मोजली जाते. पण तिथे एक घर भरलेलं असतं, 'मार्जिन', आणि त्यात 0.04 मीटर लिहिलेलं असतं. म्हणजे 4 सेंटिमीटर. मेशसाठी ही जागा पृष्ठभागाभोवती दिसण्याइतकी मोकळी सुटते. आमटीची वाटी असते केवढी? तळहातात मावेल एवढी. तिच्याभोवती 4 सेंटिमीटरचं कवच धरलं तर तिच्यात दुसरी वाटी जाणार कुठून? हे मार्जिन मेशसाठी शून्यावर आणलं तरी बहुधा चालतं. शिवाय खूप लहान वस्तूंशी बुलेटचं फार जमत नाही. वीतभरापेक्षा बारीक चीज हलती ठेवली की ती थरथरते. म्हणून वाट्या, पेले, पळ्या यांचा ढीग करायचा असेल तर सगळ्याची एक प्रत काढून ती 10 पट मोठी कर, कंट्रोल-ए दाबून स्केल लागू कर, तिथे ढीग पडू दे, आणि बसल्यावर पुन्हा लहान कर. पडताना त्या वस्तू संथ पडल्यासारख्या वाटतील, पण आपल्याला पडणं दाखवायचंच नाहीये, पडून राहिलेलं दाखवायचंय.

मेश आकार जड असतो आणि ढीग मोठा झाला की हट्टी होतो. तेव्हा माझी पसंती 'कंपाउंड पॅरेंट'ला. वाटीच्या कडेचे दहाबारा उभे तुकडे आणि एक बुड, असे साधे फुगीर तुकडे करायचे, त्यांना रिजिड बॉडी करायचं आणि एका पॅरेंटखाली बांधायचं. प्रत्येक तुकडा यंत्रणेला सोपा, आणि सगळे मिळून वाटीचं तोंड उघडं राहतं. तुकडे रेंडरमध्ये लपवायचे, खरी सुबक वाटी त्यांच्यावर स्वार. काम एकदाच करावं लागतं. मग त्याच वाटीच्या हव्या तितक्या प्रती.

ढीग स्थिरावला की त्या फ्रेमवर थांब, सगळ्या वस्तू निवड, 'ऑब्जेक्ट'मधल्या 'रिजिड बॉडी'त जाऊन 'अप्लाय ट्रान्सफॉर्मेशन' दे, आणि मग रिजिड बॉडी काढून टाक. घनपणाचं काम झालं. उगीच चालू ठेवलास तर रेंडरच्या दिवशी एखादा पेला आपणहून गडगडेल.

सुपातल्या तांदळाचं तू विचारलंस. ते दाणे सुपातून गळतात, कारण यंत्रणा सतत पाहत नसते, ठरावीक क्षणांना डोळे उघडते. दोन मीटर उंचीवरून सोडलेला दाणा खाली येईपर्यंत सेकंदाला सव्वासहा मीटर वेगात असतो. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर एका फ्रेममध्ये तो 26 सेंटिमीटर सरकतो. फ्रेमचे 10 सबस्टेप्स पाडले तरी प्रत्येक डोळा उघडण्यात अडीच सेंटिमीटर. तुझं सूप एका पदराचं. एका क्षणी दाणा सुपाच्या वर, पुढच्या क्षणी खाली, मध्ये काय झालं ते कोणी पाहिलंच नाही. यासाठी सबस्टेप्स वाढवता येतात, पण त्याआधी साधा उपाय कर: दाणे वीतभरावरूनच सोड, आणि सुपाखाली चांगला जाड, न दिसणारा 'पॅसिव्ह', म्हणजे जागचा न हलणारा, ठोकळा ठेव.

खरं सांगायचं तर तांदळाला मी भौतिकी लावणारच नाही. जॉमेट्री नोड्समध्ये 'डिस्ट्रिब्यूट पॉइंट्स ऑन फेसेस' घेऊन 'पॉइसन डिस्क' निवड. दोन दाण्यांमध्ये किमान अंतर किती, ते तिथे सांगता येतं. लांबट दाणे तरीही एकमेकांत थोडे शिरतील. शिरू देत. सुपातल्या ढिगात कोणता दाणा कोणात शिरलाय हे पाहणारा डोळा जन्माला यायचाय. वेळ घालवायचाच तर मडक्यांवर घालव.

मडकी, हंडा, कळशी, परात यांना तर सिम्युलेशनही नको. ती पणजीने हाताने मांडलेली आहेत, तूही हाताने मांड. प्रत्येक भांड्याचा ओरिजिन बुडाच्या मधोमध आण. एडिट मोडमध्ये तळाचा पृष्ठभाग निवडून शिफ्ट-एसने कर्सर तिथे ने, मग ऑब्जेक्ट मोडमध्ये ओरिजिन त्या कर्सरला दे. आता उंचीच्या घरात फळीची उंची टाकलीस की भांडं फळीवर तंतोतंत टेकेल. उतरत्या किंवा वाकड्या जागेसाठी वरच्या पट्टीतलं लोहचुंबकाचं चिन्ह, म्हणजे स्नॅप, शिफ्ट-टॅबने चालू कर, 'फेस' निवड आणि 'अलाइन रोटेशन टू टार्गेट'वर खूण कर. भांडं समोरच्या पृष्ठभागाचा कल आपणहून घेईल.

घुसखोरी हुडकायला ऑल्ट-बी शिकून घे. माऊसने एक चौकट ओढलीस की व्ह्यूपोर्ट तेवढाच उरतो, बाकी सगळं कापल्यासारखं नाहीसं होतं. उतरंडीवर उभी चौकट ओढ आणि बाजूने बघ. मडक्यांचा उभा छेद दिसेल, कोणाचं बूड कुठवर गेलंय ते कळेल. तुझ्या फाईलमध्ये मी हेच केलं. तिसरं मडकं दुसऱ्याच्या पोटात जवळजवळ चार बोटं उतरलंय आणि त्याच्या फुगवट्याने गळ्याची कड कापलीय. सगळ्यात वरचं झाकण मात्र हवेत आहे, केसभर. हा दुसरा दोषही तितकाच गंभीर समज. वस्तू टेकते तिथे एक बारीक, गडद सावलीची रेघ पडते. ती तुटली की भांडं तरंगतं. एकमेकांत शिरणं आणि अधांतरी राहणं, दोन्हीत स्पर्शाची रेघ चुकते, आणि वजन दिसतं ते त्या रेघेतच. मला निवड करायची झाली तर मी भांडं केसभर आत बुडवीन, अधांतरी ठेवणार नाही.

दारातल्या रांगोळीचा लुकलुकाटही त्यातलाच. रांगोळीचा पातळ पृष्ठभाग तू जमिनीच्या अगदी त्याच उंचीवर ठेवलास. दोन्हींची खोली सारखी, तेव्हा कोण पुढे हे झेड-बफरला ठरवता येत नाही. एका ठिपक्यावर जमीन जिंकते, शेजारी रांगोळी. एक मिलिमीटर वर उचल, थांबेल.

आता जिथे शिरू द्यायचं त्याबद्दल. चूल जमिनीला लिंपलेली असते, तिला जमिनीत दोन बोटं खुशाल बुडव आणि सांध्यावर मातीचा ओबडधोबड थर दे. खांब जोत्यात, तुळई भिंतीत, वरवंटा ठेवून ठेवून झिजलेल्या पाट्यात, अंगणातला दगड मातीत. या वस्तू आयुष्यभर एकमेकांत मुरलेल्या आहेत. नवी मुलं स्नॅप शिकली की दगडही जमिनीवर नेमका टेकवून ठेवतात, आणि मग तो दगड कालच ट्रकमधून उतरवल्यासारखा दिसतो. चित्रपटांचे मोठमोठे डोंगरकडे तर चारदोन शिळा वेगवेगळ्या कोनांत एकमेकींत खुपसूनच उभे करतात. तेव्हा दोन वस्तू एकमेकांत आहेत म्हणून काढू नकोस. त्या खऱ्या जगात एकमेकांत असत्या का, हे आधी विचार.

मऊ वस्तूंचं आणखी निराळं. कोपऱ्यातलं ज्वारीचं पोतं तू जमिनीवर बरोबर टेकवलंयस, पण ते उभ्या डब्यासारखं टेकलंय. भरलं पोतं खाली पसरतं, बुडाशी सपाट होतं, भिंतीला टेकलेल्या बाजूला दबतं. स्कल्प्ट मोडमध्ये जाऊन त्याला दाब. पोत्यावर पाट ठेवलास तर पाटाच्या कडेखाली खळगा पाड. इथे घुसखोरी टाळायचा मार्ग अंतर ठेवणं हा नसतो. एकाने दुसऱ्याला जागा करून द्यायची असते.

हे सगळं केवळ दिसण्यापुरतं आहे असं समजू नकोस. बोईंगने 777 हे विमान संपूर्णपणे संगणकावर आखलं. सुटे भाग संगणकातच जोडून कोणती नळी कोणत्या पट्टीतून जातेय ते आधी पाहिलं. खात्रीसाठी नाकाकडच्या भागाची एक खरी प्रतिकृती बांधली, ती इतकी जुळली की पुढच्या प्रतिकृती रद्द केल्या. ते विमान 1994 साली उडालं. उलट एअरबसच्या ए-380ची गोष्ट. त्यात 500 किलोमीटरहून जास्त लांबीची वायर होती. हॅम्बर्ग आणि टूलूझच्या गटांकडे आराखड्याच्या सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या. 2006 साली जोडणीच्या वेळी वायरींचे जुडगे जागेवर बसेनात, आणि विमान कित्येक महिने रखडलं. आता इमारतींच्या आराखड्यातही हा तपास नेमाने होतो. त्याला 'क्लॅश डिटेक्शन' म्हणतात, आणि पुण्या-मुंबईतली कितीतरी मुलंमुली दिवसभर हेच काम करतात. तुळईतून जाणारा एसीचा डक्ट सापडला तर तो 'हार्ड क्लॅश'. पण त्यांच्याकडे आणखी एक तपासणी असते, 'क्लिअरन्स'. पाइप कशालाच लागत नाही, पण त्यावरचा व्हॉल्व्ह फिरवायला हात जाईल एवढी जागा आहे का?

हीच तपासणी तू तुझ्या मांडणीला लाव. वरच्या फळीवरचे डबे एकमेकांना लागत नाहीत हे खरं. पण मधला डबा काढायचा तर पणजीची बोटं कुठून जाणार? रोजच्या वापरातल्या वस्तूंभोवती हाताएवढी मोकळी जागा असते. सणावारालाच निघणारी भांडी खेटून आणि मागे असतात. ही जागा तू नीट सोडलीस तर त्या स्वयंपाकघरात कोणी राहतं हे न सांगता कळेल.

शेवटी नऊवारी. पणजीला चालवायचं म्हणतेस, आनंद आहे, पण सगळ्यात अवघड वस्त्र निवडलंयस. काष्टा दोन्ही पायांमधून जातो, आणि चालताना मांड्या एकमेकींना घासतात. अॅनिमेशनमध्ये शरीराचे भाग सर्रास एकमेकांत शिरतात, कोपराच्या वळणात, काखेत, गुडघ्यामागे. कपड्याखाली असल्यामुळे ते कोणाला दिसत नाही. पण मध्ये सापडलेल्या कापडाला दोन्हीकडून एकाच वेळी बाहेर ढकललं जातं, त्याला जायला जागाच नसते, आणि पाय सुटे झाले तरी कापडाचा गुंता तसाच राहतो. 2003 साली पिक्सारच्या डेव्हिड बॅरॅफ, अँड्र्यू विटकिन आणि मायकेल कास यांनी याच गुंत्यावर निबंध लिहिला. आधीच्या क्षणी कापडाची कोणती बाजू कोणीकडे होती, यावर विसंबणं त्यांनी सोडून दिलं, कारण तिथे एकदा चूक झाली की ती कायमची चिकटते. त्याऐवजी दर पायरीला सगळ्या कापडाचे छेद नव्याने तपासायचे आणि भोवतालची जागा मोकळी होताच गुंता सोडवायचा. 2020 साली 'इन्क्रिमेंटल पोटेन्शियल कॉन्टॅक्ट' ही पद्धत आली. तीत दोन पृष्ठभाग जवळ येतील तसा विरोध वाढत जातो आणि अंतर शून्याकडे गेलं की अमर्याद होतो. सुरुवात सुटी असेल तर एकही छेद होणार नाही, अशी तिची हमी आहे, फक्त हिशेबाला वेळ फार घेते.

तुझ्यापुरतं सांगायचं तर कापडाशी भांडण्याआधी चाल दुरुस्त कर. मांड्यांमध्ये बोटभर अंतर राहील अशी पावलं टाकायला लाव, कॅमेऱ्याला ते कळणार नाही. लुगड्याआड झाकलेलं शरीर 'मास्क' मॉडिफायरने काढून टाक. जे नाहीच ते कापडातून बाहेर डोकावणार नाही. फक्त कापडाला टेकायला एक साधा, किंचित बारीक केलेला पायांचा आकार ठेव आणि त्याला 'कोलिजन' दे. निऱ्या सिम्युलेशनमधून पडतील अशी वाट बघू नकोस. त्या आधी मॉडेल कर, कमरेशी पिन कर, खालचा घोळ तेवढा हलू दे. काष्ट्याचा खोचलेला भागही पिन कर. 'सेल्फ कोलिजन' अगदी शेवटी, निऱ्या एकमेकींतून जाताना दिसल्याच तर चालू कर, आणि त्या वेळी 'क्वालिटी स्टेप्स' वाढव.

पहिला शॉट बाजूने, कमरेपासून वरचा लाव. पदर आणि हात यांचं जमलं की मगच कॅमेरा खाली आण. पुढची फाईल पाठवताना टेक्स्चर आत पॅक करून पाठव, या वेळी चुलीची भिंत माझ्याकडे गुलाबी दिसत होती. उतरंडीचा छेद घेतलेलं एक चित्रही सोबत जोड, तिसरं मडकं कुठवर आणलंस ते मला पाहायचंय. ताईला सांग, रविवारी सकाळी फोन करते.

तुझी,
मावशी